पदवीचं तोंड

कणकवलीच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडकडून येताना डाव्या हाताला, मोबाइलच्या दोन दुकानांमध्ये चेपून बसलेला ‘विमल फोटो स्टुडिओ’ आहे. त्याचे मालक काशिनाथ तायशेटे, वय बासष्ट. त्यांना काशिनाथ म्हणणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. सगळं गाव त्यांना दाजी म्हणतं. बायको विमलाबाईसुद्धा चारचौघांत दाजीच म्हणतात, आणि घरात काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दाजींनी लग्नांचे फोटो काढले, बारशांचे काढले, पासपोर्टचे तर पोत्याने काढले. पण त्यांचं नाव झालं ते पदवीच्या फोटोमुळे. खारेपाटणपासून रेडीपर्यंत ज्या घरात कोणी बी.ए., बी.कॉम. झालं असेल, त्या घराच्या ओटीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, दाजींनी काढलेला फोटो सापडायची शक्यता फार. मुलगी बघायला आलेली मंडळी आधी तो फोटो बघत आणि मग चहाचा कप उचलत.

फोटोचं सामान ठरलेलं. एक काळा गाऊन, आत लाल अस्तर. पुढून बघितला तर एखाद्या कुलगुरूलाही हेवा वाटावा इतका भरदार. मागून मात्र मानेपासून टाचेपर्यंत उभा चिरलेला आणि चार नाड्या लावलेला. कारण शिकणारी माणसं एका मापाची नसतात आणि गाऊन एकच. नाड्या बांधायचं खातं विमलाबाईंचं. काटकुळ्याला त्या मागून आवळून उभा करत, आणि अंगाने भरलेल्याच्या पाठीवर नाडी नुसती टेकवून “हलूचा नाय हां” असा दम देत. तीस-बत्तीस वर्षं पाठीमागून काम केल्यामुळे आपली बायको माणसं मानेवरून ओळखते, असं दाजी सांगत, आणि त्यात फारशी थट्टा नव्हती.

गाऊननंतर पुठ्ठ्याची टोपी. हातात पदवीची गुंडाळी, म्हणजे मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान, लाल फितीने बांधलेलं. आणि मागे पडदा. तो दशावतारी नाटकांचं रंगकाम करणाऱ्या एका पेंटरकडून करून घेतलेला. दाजींनी त्याला पुस्तकांचं कपाट काढायला सांगितलं होतं. त्याने काढलंही, पण हात सवयीचा. कपाटाच्या दोन्ही बाजूंना राजवाड्याचे खांब आले आणि वरच्या फळीवर एक मोर येऊन बसला. त्यामुळे जिल्ह्यातल्या निम्म्या पदवीधरांच्या डोक्यावर मोर आहे, आणि कोणी कधी त्याबद्दल विचारलेलं नाही.

सामान जागेवर आलं की दाजी कॅमेऱ्यामागे जात आणि चार हुकूम सोडत. “हनुवटी वर. खांदे खाली. नजर घड्याळाकडे. श्वास धरा.” फोटोच्या वेळी दाजी पुस्तकी मराठीत बोलत, मालवणीत हुकूम सोडला तर माणूस ढिला पडतो, असं त्यांचं मत. चौथ्या हुकमानंतर समोरच्या माणसाचं जे काही होई, त्याला दाजी ‘पदवीचं तोंड’ म्हणत. आत्ताच कोणीतरी वाईट बातमी सांगितली आहे आणि आपण ती धीराने घेतली आहे, असं ते तोंड असे. हसायची सक्त मनाई. “हो फोटो देवाच्या बाजूक लागतलो,” दाजी समजावत. “देव हसता काय?” एकदा देवगडच्या एका मुलाने “गणपती हसता” असं उत्तर दिलं, तर दाजींनी त्याला तासभर बाकड्यावर बसवून ठेवलं.

असे चार हजार फोटो झाले. आणि मग त्यांच्या स्वतःच्या मुलीची पाळी आली.

तन्वी दाजींना लग्नानंतर तेराव्या वर्षी झाली. देवाला नवस बोलून सगळे थकले, आणि सगळ्यांनी नाद सोडल्यावर ती आली. स्टुडिओतच वाढली. दिव्यांचा उजेड बघायचा असला की दाजी तिला स्टुलावर बसवत; चार वर्षांची असताना तिला ‘हनुवटी वर’ आणि ‘खांदे खाली’ कळत होतं, जेव्हा तिच्या वयाच्या पोरांना डावा-उजवा पाय कळत नव्हता. तिने पदवी घ्यावी आणि आपण तिचा फोटो काढावा, एवढी एकच गोष्ट दाजींनी आयुष्यात स्वतःसाठी मागितली होती. ते कोणाला बोलून दाखवत नसत. पण दर वर्षी मार्चमध्ये शेवटचं गिऱ्हाईक गेलं की गाऊन झटकून ठेवताना ते विमलाबाईंना म्हणत, “अजून तीन वर्षां.” मग “अजून दोन.” ह्या वर्षी काहीच म्हणायची गरज उरली नव्हती. तन्वी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झाली होती.

रविवारी सकाळी आंबोळ्या खाताना ती म्हणाली, “बाबा, शनिवारी पदवीदान आसा. फोटो आमी सगळी चेडवां कौस्तुभाकडसून काढून घेवचे म्हणतंव.”

“कोण कौस्तुभ?”

“मालवणचो. नॅचरल काढता. जेका जो जागो आपलो वाटता, थंय. भक्तीचो तिच्या बापाशीच्या होडयेर, गौरजाचो काजीच्या बागेत.”

“नॅचरल म्हणजे काय ता?”

“म्हणजे माणूस जसो आसा तसो.”

“आणि मी काय म्हशीचे काढतंय?”

तन्वीला हसू आलं, पण तिने ते आवरलं. बापाला दुखवायचं तिच्या मनात नव्हतं. तिने आंबोळीचा तुकडा चटणीत बुडवला आणि सरळच सांगितलं, “तुमी काढल्यार माणूस माणसासारखो दिसना नाय, बाबा. सगळ्यांचा तोंड एकच.”

“लोकांनी भिंतीर लावले हत ते फोटो!”

“लावले हत. पण कोण बघता खंय तेंच्याकडे? घड्याळाकडे तरी बघतत.”

चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभ्या असलेल्या विमलाबाई आंबोळी उलटत म्हणाल्या, “चेडू खोटा बोलना नाय.” बायकोनेही पोरीचीच बाजू घेतली, हे दाजींना फार लागलं. परक्यांनी नावं ठेवली तर माणूस दुकान बंद करून घरी येतो. घरच्यांनी ठेवली तर जायचं कुठे? ते हात धुऊन स्टुडिओत गेले आणि दुपारपर्यंत मोबाइलवर त्या कौस्तुभचे फोटो बघत बसले. पोरी पावसात, पोरी झाडाखाली, पोरी पाठमोऱ्या. एकीचा तर डोळाच मिटलेला होता आणि खाली शंभर जणांनी वाहवा केली होती. दाजींच्या हातून असा डोळा मिटला असता तर गिऱ्हाइकाने फोटो तोंडावर फेकला असता.

संध्याकाळी त्यांनी तन्वीला गाठलं. “पैज लाव माझ्याशी. चल खंयच्याय एका घरात. तूच घर सांग. थंय जर ते म्हणाले, पुढचो फोटोय दाजीकडेच काढूचो, तर तू स्टुडिओत बसूचा. नाय म्हणाले तर तुझो तो कौस्तुभ.”

तन्वीने थोडा विचार केला. “गौरजाच्या घराक जावया. तिच्या दादाचो फोटो आसा थंय. बारा वर्षां झाली.” पैज लागली. तन्वीला वाटलं गौरजा आपल्याच वर्गातली, ती आपली बाजू राखेल. दाजींना वाटलं, तिथे शब्द गौरजाचा नव्हे, तिच्या बापाचा चालतो. दोघंही आपापल्या परीने निर्धास्त झोपली.

मंगळवारी दोघं स्कूटरवरून निघाली. फोंडाघाटाच्या वाटेवर आतल्या अंगाला एक वाडी आहे, तिथे महादू गावड्यांचं घर. नवरा-बायको काजू-भाताची शेती करतात. थोरला विश्वेश गोव्यात नोकरीला, धाकटी गौरजा तन्वीबरोबर शिकलेली. खळ्यात काजू सुकत घातले होते. दाजींना बघताच महादूंनी हातातला कोयता बाजूला ठेवला. “दाजीनू! येवा, येवा. गो राधा, फोटोवाले दाजी इले!” ह्या स्वागतानेच दाजी अर्धी पैज जिंकल्यासारखे पायरी चढले.

ओटीवर गणपती, त्याच्या बाजूला फोटो. चौकट चकाचक पुसलेली, काचेवर धुळीचा कण नाही, कोपऱ्यात अबोलीचं एक ताजं फूल खोचलेलं. दाजींनी तन्वीकडे बघितलं. तन्वीने गौरजाकडे बघितलं. गौरजाने छताकडे बघितलं.

“आता गौरजाय पदवीधर झाला,” दाजींनी हळूच विषय काढला. “तिच्या फोटोचा काय ठरवलात?”

“ठरवूचा काय तेच्यात?” महादू म्हणाले. “हो असोच काढा. डिट्टो. ह्येच्याच बाजूक लावतलंव. जरा मोर तेवडो नीट येवदेत, ह्येच्यात शेपटी तुटली हा.”

“बाबा!” गौरजा ओरडली.

“गप रव. तुका होयो तो दुसरो काढ बागेत. भिंतीर लागतलो तो दाजींचोच.”

झालं. पैज जिंकली. तन्वीने मान हलवून हार कबूल केली. दिलेला शब्द ती फिरवत नाही, तो गुण आईचा. दाजींनी छाती फुगवली आणि आपल्या कलेचं कौतुक जवळून करावं म्हणून ते उठून फोटोपाशी गेले. चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला, आणि बघतच राहिले.

फोटोतला चेहरा अगदी किंचित डावीकडे वळवलेला होता.

दाजी चार हजार माणसांना नाकासमोर बसवणारे. त्यांनी आयुष्यात फक्त एकाच माणसाला तिरका बसवला होता: खारेपाटणचा सुशांत म्हणून एक मुलगा, ज्याचा उजवा कान इतका बाहेर होता की टोपी त्यावर अडकून वाकडी बसे. त्याचा कान लपवायला दाजींचा अर्धा तास गेला होता. तो मुलगा बारा वर्षांपूर्वी मार्चमध्ये आला होता आणि त्याच दिवशी, त्याच्यानंतर, हा विश्वेश. त्या आठवड्यात विमलाबाई माहेरी गेल्या होत्या. फोटो पाकिटात घालायचं काम एरवी त्यांचं. त्या वेळी दाजींनी केलं होतं. गावड्यांच्या भिंतीवर बारा वर्षं खारेपाटणचा सुशांत उभा होता.

दाजींनी चष्मा काढून खिशात टाकला. त्यांनी मागे वळून बघितलं. महादू प्रसन्न बसले होते. गौरजा तन्वीच्या कानात काहीतरी कुजबुजत होती. भाऊ गोव्याला गेला तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची. फोटोत दादा असाच दिसतो, एवढंच तिला ठाऊक. आता दाजींनी नुसतं तोंड मिटून बसायचं होतं. मिटलेलं तोंड तर त्यांचीच खासियत! ते खाली बसले, पुढ्यात आलेली काजूगरांची उसळ चवही न कळता संपवली, आणि हात धुवायला म्हणून मागच्या पडवीत सटकले.

राधाबाई तांब्या घेऊन त्यांच्या मागोमाग आल्या. हातावर पाणी घालता घालता हळूच म्हणाल्या, “ओळखलात मा, दाजीनू?”

दाजींच्या हातातलं पाणी तसंच सांडलं. “तुमका ठाऊक आसा?”

“आवस मी तेची. माका ठाऊक नसतला?”

“मगे इतकी वर्षां बोललात कशा नाय?”

राधाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि पदराने हात पुसले. त्यांना कसलीही घाई नव्हती. “ह्येंनी फोटो आणल्यानी, नारळ फोडल्यानी, आखी वाडी बघूक इली. सगळे म्हणाले, विश्वेश काय बरो दिसता. मी काय बोलतलंय? मगे शिमग्याक झील विश्वेश स्वतः इलो. तेना बघल्यान आणि म्हणालो, बरो इलो हा. आपलो आपणाक ओळखलो नाय मेलो!” त्या तोंडावर पदर धरून हसल्या. “मगे एकदा पिशयेत घालून तुमच्याकडे इललंय बदलूक. तुमचा दुकान बंद. घराक येवन परत लावलंय. आणि मगे वाटला, ऱ्हवांदे. तो पण कोणाचो तरी झीलच मा? तेनाय परीक्षा दिल्यान. तेका भिंतीरसून काढून ट्रंकेत घालूचा माझ्यान होवक नाय.”

दाजी ओले हात तसेच धरून उभे होते. राधाबाईच पुढे म्हणाल्या, “तेची आवस खंय तरी माझ्या झीलाक पुसत आसतली. म्हणान मी ह्येका रोज पुसतंय.”

अंगणात कोंबडी ओरडत होती. दाजींनी बासष्ट वर्षांत बरीच बोलणी खाल्ली होती. पण कोणी न रागावता बोललेलं इतकं आत कधी गेलं नव्हतं. त्यांना रडू आलं असतं, पण हात ओले होते आणि डोळे कशाने पुसायचे हा प्रश्न पडला.

“मी शोधून काढतंय ते घर,” ते म्हणाले. “बदलून देतंय.”

“बदलू नकात. तुमका ती आवस गावली, तर तिका इतक्याच सांगा, तो हयसर बरो आसा.” मग त्या जरा थांबल्या. “एक इचारू? माझो विश्वेश तुमच्याकडे बसलो, तेवा कसो बसललो हो? माका तो फोटो कधी बघूक गावलोच नाय.”

दाजींनी डोळे मिटून आठवलं. आणि नेमकं ते आठवलं, जे इतकी वर्षं आठवायचं काही कारण नव्हतं. मागची नाडी दाजींनीच कशीबशी बांधली होती. ती सुटली, गाऊन पायात आला, आणि तो मुलगा खोखो हसला होता.

“हसलो हुतो,” दाजी म्हणाले. “मीच गप केलंय तेका.”

“हसतलोच तो,” राधाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की फोटो मिळाला असता तरी तितका उजळला नसता.

परतीच्या वाटेवर तन्वी मागे बसून मोठेपणाने म्हणाली, “जिंकल्यात, बाबा. शनिवारी बसतंय.” दाजींनी हूं केलं. जिंकलेला माणूस असा हूं करत नाही, हे तिला वाऱ्याच्या आवाजात कळलं नाही.

पुढचे चार दिवस दाजींनी फार वाईट काढले. बुधवारी बांगड्याचं तिखलं असून दोन घासांत उठले. गुरुवारी एका आजोबांचा पासपोर्ट फोटो काढताना त्यांना विचारलं, “तुमका असोच फोटो होयो काय?” आजोबा घाबरून दुसऱ्या दुकानात गेले. शुक्रवारी विमलाबाईंनी विचारलं, “दुखता काय तुमचा?” तर म्हणाले, “कायएक नाय.” खरं सांगावं तर ‘सगळ्यांचं तोंड एकच’ हे पोरीचं म्हणणं खरं ठरतं, पैज हातची जाते आणि तिचा फोटो तो मालवणवाला काढतो. न सांगावं तर फोटो आपला. एकवीस वर्षं वाट बघितलेला फोटो! दाजी काही साधुसंत नव्हते. त्यांनी न सांगायचं ठरवलं.

शनिवारी पदवीदान आटोपून तन्वी दुपारी स्टुडिओत आली. विमलाबाईंची मोरपिशी साडी नेसली होती, केसांत अबोली होती. कौस्तुभ पाच वाजता नदीवर, भक्तीच्या बापाच्या होडीपासून, मुलींचे फोटो काढायला लागणार होता. तिने आपला नंबर अजून रद्द केला नव्हता, पण तसं ती बोलली नाही. हरलेली असून तिचं तोंड पडलेलं नव्हतं. उलट तिनेच गाऊन अंगात चढवला, टोपी घातली आणि कॅलेंडरची गुंडाळी हातात घेऊन मोराखाली बसली. विमलाबाई मागे गेल्या आणि नाड्या बांधू लागल्या.

दाजी कॅमेऱ्यामागे गेले. “हनुवटी...” ते म्हणाले, तोवर हनुवटी वर गेलेली होती. खांदे खाली आले. नजर घड्याळावर गेली. चार वर्षांची असल्यापासून शिकलेली पोर. तिला हुकूम लागत नव्हते. तिने श्वास धरला आणि पदवीचं तोंड केलं. चार हजारांत कोणाचं इतकं बिनचूक झालं नसेल.

दाजींनी बोट बटणावर ठेवलं. काचेतून बघितलं. आणि त्यांना तन्वी दिसेना. टोपी दिसली, गाऊन दिसला, मोर दिसला. मधलं तोंड खारेपाटणच्या, रेडीच्या, कुठल्याही घरात खपून गेलं असतं. पाकीट बदललं असतं तर कोणाच्या तरी ओटीवर ती आयुष्यभर उभी राहिली असती.

बोट तिथेच राहिलं. तन्वीचा श्वास संपत आला. मागून विमलाबाई म्हणाल्या, “कसली वाट बघतास? चेडू निळा पडात!”

“तन्वी,” दाजी म्हणाले, “तो विश्वेश न्हय हुतो.”

“कोण?” तन्वीने ओठ न हलवता विचारलं.

“गौरजाच्या घराकडचो. फोटोतलो. तो खारेपाटणचो सुशांत. मी पाकिटां बदललंय. बारा वर्षां ते दुसऱ्याच्या झीलाक फूल घालतत.”

तन्वीचा धरलेला श्वास असा सुटला की दिव्याची छत्री हलली. आधी ती नुसती बघत राहिली. मग तिला गौरजा आठवली, जी दादाचा फोटो म्हणून त्या सुशांतला शाळेत असताना वर्षानुवर्षं परीक्षेआधी नमस्कार करत आली होती. मग महादू आठवले, ज्यांना फक्त मोराची शेपटी खटकली होती. आणि ती हसत सुटली. “आणि... आणि विश्वेशदादान बघलो नाय?” दाजी म्हणाले, “बघल्यान! म्हणालो, बरो इलो हा!” टोपी उडाली. मागे विमलाबाईही हसू लागल्या, त्यांच्या हातून नाड्या सुटल्या, गाऊन घसरून तन्वीच्या मांडीवर आला आणि मोरपिशी साडी उघडी पडली. दाजींचं बोट किती वेळा दाबलं गेलं, त्यांनाही कळलं नाही.

“रव, अजून आसा,” दाजी म्हणाले. मग त्यांनी राधाबाईंचं सगळं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं, पडवीतलं. पिशवीत घालून आणलेला फोटो, बंद दुकान, आणि ती दुसरी आई.  तन्वीचं हसू हळूहळू निवलं. ते पुरतं गेलं नाही. ओठांवर थोडं राहिलं आणि डोळे भरून आले. ती घड्याळाकडे बघत नव्हती, कॅमेऱ्याकडेही बघत नव्हती. बापाकडे बघत होती. दाजींनी एकदाच बटण दाबलं.



“म्हणजे तुमी हरल्यात,” तन्वी डोळे पुसत म्हणाली.

“हरलंय.”

“चार दिवस माका सांगल्यात नाय.”

“फोटो होयो हुतो माका,” दाजी म्हणाले. “तुझो.” एवढं बोलून त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. “जा आता. पाच वाजतले. तो मालवणचो वाट बघीत आसतलो.” ते मनापासून म्हणाले होते, आणि म्हणूनच त्यांना तिच्याकडे बघवलं नाही. ते उगाच दिव्याची वायर गुंडाळू लागले.

तन्वी उठली. कॅमेरा उचलून तिने त्याच्या पाठीवरच्या स्क्रीनवर फोटो बघितले. एकेक करत शेवटच्यापाशी आली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग तिने मोबाइल काढून कौस्तुभला लावला. “नमस्कार, तन्वी बोलतेय. माझी वेळ तुम्ही दुसऱ्या कोणाला देऊन टाका. हो, फोटो झाला माझा.”

फोन ठेवून तिने कॅमेरा आईच्या हातात दिला. विमलाबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यावर ओढला. दाजी वायर हातात धरून उभे राहिले. बत्तीस वर्षांत ह्या बाईने त्यांच्या एकाही फोटोला सरळ बरं म्हटलं नव्हतं. आता ती म्हणणार, केस विस्कटले. म्हणणार, गाऊन मांडीवर, टोपी नाही, दात दिसतायत, असा फोटो देवाजवळ लावायचा कसा?

विमलाबाईंनी फोटो बघितला. समोर उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं. पुन्हा फोटो बघितला.

“ह्यां माझां चेडू,” त्या म्हणाल्या. आणि दाजींनी हात पुढे केला तरी कॅमेरा परत न देता तशाच बघत उभ्या राहिल्या.